स्ट्राँग क्लबची बांधणी : इंदूरच्या एका टेबलाच्या नोंदी

८ जून २०२५

रामबागेत काकांच्या, म्हणजे माझ्या ब्रिजमधल्या भिडूच्या, ओसरीवर आज ठरलं. दिवाळीपर्यंत आपला स्वतःचा स्ट्राँग क्लब, म्हणजे बलवान हात १ किलवरने सांगणारी बोलीची पद्धत, बांधायचा आणि तोच खेळायचा. सोळा किंवा त्याहून जास्त पॉइंटचा हात आला की १ किलवर, मग हातात किलवर असोत वा नसोत. बाकीच्या एकच्या ओपनिंग (डावातली पहिली बोली) अकरा ते पंधरात बंदिस्त.

आत्ता खेळतो ती पद्धत वाईट नाही. पाच पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम; चौकट-किलवर ते मायनर), १५ ते १७ चा १ नो ट्रंप (हुकुमाविना), फार मोठ्या हाताला २ किलवर. पण तिच्यात १ बदाम म्हटलं की अकरापासून एकवीसपर्यंत काहीही असू शकतं. भिडूकडे नऊ पॉइंट असले की तो अडकतो. गेम (बक्षिसाचे गुण देणारी पातळी) आहे, नाही, की स्लॅमच्या (तेरापैकी बारा किंवा तेरा दस्त) जवळपास आहोत? तो एक बोली लावून बघतो, मी दुसरी लावते, आणि आम्ही चाचपडत असताना समोरचे दोघे आमचे हात ऐकून उतारी ठरवतात.

आकडे आधीच लिहून ठेवते, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं राहणार आहे. तेरा पानांचे निरनिराळे हात साधारण ६३,५०१ कोटी. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ या हिशेबाने त्यातले १६ किंवा जास्त पॉइंटचे हात ९.८ टक्के, आणि ११ ते १५ चे हात ३४ टक्के. म्हणजे ज्या बोलीवरून पद्धतीला नाव पडलं ती दहा हातांत जेमतेम एकदा येणार. मर्यादित ओपनिंग तिच्या साडेतीन पट वेळा येणार. काकांना मी हेच सांगितलं: आपण १ किलवर बांधतोय असं वाटेल, पण खरी कमाई १ बदाम आणि १ इस्पिकमध्ये आहे. १ किलवरकडून एवढंच हवं की त्याने ती कमाई घालवू नये.

काका म्हणाले, "हे पहिल्या पानावर लिही. तीन महिन्यांनी आपण दोघंही विसरलेले असू."

लिहिलं.

१२ जून

थोडं मागचं वाचन. ही कल्पना खेळाइतकीच जुनी आहे. हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली बोटीच्या प्रवासात कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, आणि १ किलवर कृत्रिम व बलवान ठेवणारी पहिली पद्धतही त्याचीच. पुढे इटलीच्या ब्लू टीमने १९५७ ते १९६९ या काळात बर्म्युडा बोल, म्हणजे ब्रिजचं जागतिक सांघिक अजिंक्यपद, दहा वेळा जिंकला. त्यातले फोर्के आणि गारोझो ब्लू क्लब ही स्ट्राँग क्लब पद्धत खेळत. सी. सी. वेई हा जहाजांच्या व्यवसायातला माणूस. त्याच्या प्रिसिजन या स्ट्राँग क्लब पद्धतीवर तैवानचा संघ १९६९ आणि १९७० मध्ये बर्म्युडा बोलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि मग जगभर प्रिसिजन पसरलं. अमेरिकेचे मेकस्ट्रॉथ आणि रॉडवेल त्याच प्रिसिजनला आपल्या हाताने वाढवत कित्येक वर्षं खेळले.

या सगळ्यांत एक गोष्ट मला मनापासून आवडते. कोणीही दुसऱ्याची पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. सांगाडा घेतला आणि आपल्या जोडीला झेपेल असं आत भरलं. आम्हालाही तेच करायचं आहे.

पोलिश क्लब बघितला आणि बाजूला ठेवला. त्यात १ किलवर म्हणजे कधी साधा समतोल हात (चारही सूटमध्ये, म्हणजे इस्पिक-बदाम-चौकट-किलवरमध्ये, पानं साधारण सारखी), कधी खरा बलवान. सुंदर बसवलेली पद्धत आहे, पण पहिल्याच बोलीला दोन-तीन अर्थ असले की काकांना पुढचं सगळं डळमळीत वाटतं. ते बँकेत आयुष्यभर हिशेब जुळवत आले. एका नोंदीचा एकच अर्थ, हा त्यांचा आग्रह मला मान्य आहे.

१५ जून

सीमारेषा. पंधरा, सोळा की सतरा?

१५ किंवा जास्त: १४.२ टक्के. १६ किंवा जास्त: ९.८. १७ किंवा जास्त: ६.४. रेषा खाली आणली की मर्यादित ओपनिंग आणखी अरुंद होतात, पण भिडूच्या आठ पॉइंटवर गेम सक्तीचा करता येत नाही. १५ आणि ८ मिळून तेवीसच होतात. रेषा वर नेली की १ किलवर भक्कम होतो, पण बाकीच्या ओपनिंग पुन्हा सैल पडतात.

शेवटी ठरलं ते असं. असमतोल हातासाठी १६, समतोल हातासाठी १७. १ नो ट्रंप १४ ते १६. म्हणजे समतोल हातांतले ११ ते १३ चे १ चौकटमध्ये जाणार, १७ ते १९ चे १ किलवर म्हणून मग १ नो ट्रंप. २० आणि २१ चा समतोल हात पूर्वीसारखाच २ नो ट्रंप. तो १ किलवरमध्ये घालून गर्दी करायची गरज नाही.

१ चौकटचं काय होणार ते मला आत्ताच दिसतंय. ते नंतर.

२२ जून

१ किलवरला भिडूचं पहिलं उत्तर: १ चौकट, म्हणजे शून्य ते सात, कुठलाही आकार. (बोलींचा चढता क्रम: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रंप.)

काकांची शंका: "सगळ्यात स्वस्त बोली नकारासाठी का खर्चायची?" शंका रास्त आहे, म्हणून हिशेब मांडला. उघडणाऱ्याकडे अठरा पॉइंट धरले तर उरले बावीस. ते तिघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सात आणि एक तृतीयांश. म्हणजे भिडूकडे सात किंवा कमी असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास. जे सगळ्यात जास्त वेळा येतं त्याला सगळ्यात स्वस्त बोली, हेच बरोबर. शिवाय त्या हातांतच जागा हवी असते. भिडू दुबळा असताना आपल्याला एकच्या किंवा दोनच्या पातळीवर थांबता आलं पाहिजे.

१ चौकटनंतर सगळं नैसर्गिक ठेवलं. १ बदाम, १ इस्पिक पाच पानी. १ नो ट्रंप १७ ते १९. २ किलवर, २ चौकट खरे सूट. मला १ बदाममध्ये वीसच्या वरचे हातही गुंडाळायचे होते, तशा पद्धती आहेत आणि चालतात. काकांनी नको म्हटलं. इथे मी मान्य केलं, कारण नकारानंतरच्या हातांत बहुतेक वेळा साधा पार्ट-स्कोअर (गेमच्या खालची बोली) असतो आणि तिथे साधेपणाच कामी येतो.

ब्लू क्लबसारखं पहिल्याच उत्तरात कंट्रोल सांगायचे का, यावर बराच वेळ गेला. एक्का म्हणजे दोन, राजा म्हणजे एक, सगळ्या पत्त्यांत मिळून बारा. स्लॅमच्या हातांत ती पद्धत पाहून डोळे निवतात. पण भिडूने कंट्रोल सांगितले आणि समोरच्याने ३ इस्पिक लावले, तर आपल्याला एक्के-राजे कळलेले असतात, सूट एकही नाही. म्हणून आकार आधी, कंट्रोल नंतर.

६ जुलै

गेले दोन आठवडे या पानात गेले, आणि सगळ्यात जास्त आनंद याच पानाचा आहे.

आठ किंवा जास्त पॉइंटची उत्तरं कशी वाटायची? जुन्या प्रिसिजनमध्ये ती सरळ आहेत: १ बदाम म्हणजे पाच बदाम, १ इस्पिक म्हणजे पाच इस्पिक, १ नो ट्रंप म्हणजे आठ ते दहाचा समतोल हात. अडचण ही की सूटचं किंवा नो ट्रंपचं नाव आधी घेणारा डाव खेळतो, म्हणून बलवान हात डमी होऊन टेबलावर उघडा पडतो, आणि उतारी नेमकी त्याच्या एक्का-राणीच्या आरपार जाते. उलट हवं: बलवान हात झाकलेला, दुबळा उघडा.

दुसरी गोष्ट जागेची. समजा एकाने फक्त सगळ्यात स्वस्त बोलीने विचारत राहायचं आणि दुसऱ्याने सांगत राहायचं. रिले म्हणतात तो हा प्रकार. वरच्या ठरावीक बोलीपर्यंत n पायऱ्या असतील तर किती वेगवेगळे हात सांगता येतील? एक पायरी असेल तर १. दोन असतील तर २. मग ३, ५, ८, १३, २१, ३४. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज.

ही मालिका मला पहिल्यांदा भेटली ती शाळेत नाही, मात्रावृत्तांत. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन; अमुक मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरते? शेवटी लघू असेल तर उरली n वजा एक मात्रा, गुरू असेल तर n वजा दोन. म्हणून पुन्हा आधीच्या दोघांची बेरीज. हेमचंद्राने बाराव्या शतकात गुजरातेत हे लिहून ठेवलं, आणि विरहांकाने त्याच्याही आधी. बोलीची गणितं करणाऱ्यांना तीच मालिका पुन्हा लागावी, हे कळल्यावर मी वही मिटून गच्चीवर फेऱ्या मारल्या.

आता या मालिकेचा उपयोग. त्यातून प्रत्येक उत्तरावर किती भार टाकावा ते निघतं. पहिल्या पायरीवर ३८ टक्के हात, दुसऱ्या पायरीवर २४, तिसऱ्यावर १५, चौथ्यावर ९, पुढे आणखी कमी. मग आकारांची टक्केवारी काढली. ४-३-३-३ चे (चार सूटमध्ये इतकी इतकी पानं) हात १०.५ टक्के, ४-४-३-२ चे २१.६, ५-३-३-२ चे १५.५. शेवटच्यातले निम्मे पाच पानी मायनरचे, म्हणजे ७.८. बेरीज: ३९.९ टक्के. पाच पानी मेजर नसलेले सगळे समतोल हात जवळजवळ नेमके पहिल्या पायरीच्या मापाचे!

म्हणून:

१ बदाम: आठ किंवा जास्त, समतोल, पाच पानी मेजर नाही.
१ इस्पिक: आठ किंवा जास्त, पाच बदाम.
१ नो ट्रंप: आठ किंवा जास्त, पाच इस्पिक.
२ किलवर, २ चौकट: तो सूट खरा, हात असमतोल.
२ बदाम: तीन सूट चार-चार, एकांडं पान कुठेतरी.

एखाद्या ठरावीक सूटची पाच किंवा जास्त पानं असण्याची शक्यता १७.६ टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या २४ आणि १५ मध्ये ती बरी बसते. आणि समतोल हाताला १ बदाम दिल्यामुळे नो ट्रंप पहिल्यांदा उघडणाराच म्हणतो, मेजरचं नावही बहुतेक वेळा तोच आधी घेतो. बलवान हात झाकलेला राहतो.

काकांनी लगेच भोक दाखवलं: "१ नो ट्रंप म्हणजे इस्पिक, ठीक. पण शेवट ३ नो ट्रंपमध्ये झाला तर ते मी खेळणार, आणि तुझी एक्का-राणी टेबलावर." अगदी खरं आहे. इस्पिक आणि बदाम यांची अदलाबदल केली तरी ते भोक फक्त दुसऱ्या सूटकडे सरकतं. पाच इस्पिक कळल्यावर नो ट्रंपमध्ये थांबायची वेळ कमी येते, तेवढी किंमत मोजायची.

१३ जुलै

१ किलवर, १ बदाम, मग उघडणाऱ्याचा १ इस्पिक हा रिले: आकार सांग. १ नो ट्रंपपासून ३ नो ट्रंपपर्यंत अकरा पायऱ्या आहेत. अकराव्या पायरीला मालिका १४४ वर पोचते. आणि आपल्याला सांगायचे आकार किती? ४-३-३-३ चे चार, ४-४-३-२ चे बारा, पाच पानी मायनरच्या ५-३-३-२ चे सहा. एकूण बावीस. आठव्या पायरीला, म्हणजे ३ चौकटला, मालिका ३४ वर असते. बावीसच्या बावीस आकार ३ चौकटपर्यंत पानापानासकट सांगता येतात आणि गेमच्या खाली जागा उरते.

मी तक्ता करून नेला. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटा, हे खरंच देखणं आहे. पण माझ्या डोक्यात हे टेबलावर टिकणार नाही. आणि जे टिकणार नाही ते भिडूला सांगायचं वचन मी देऊ नये."

यावर आम्ही वाद घातला नाही. भिडूला आठवत नसलेली बोली चुकीच्या बोलीपेक्षा वाईट, कारण एकाला वाटतं आपण बोललो आणि दुसऱ्याने वेगळंच ऐकलेलं असतं. तक्ता वहीच्या मागच्या खिशात. टेबलासाठी छोटा रिले: १ नो ट्रंप म्हणजे चार पानी मेजर नाही, २ किलवर म्हणजे चार बदाम, २ चौकट म्हणजे चार इस्पिक, २ बदाम म्हणजे दोन्ही. त्यापुढे पुन्हा स्वस्त बोली लावली तर कंट्रोल विचारले. उघडणाऱ्याला काही विचारायचं नसेल तर १ नो ट्रंप, आणि तिथून नेहमीचं स्टेमन (चार पानी मेजर आहे का ते विचारणारी २ किलवर).

बावीस आकारांतले अठरा मला स्लॅमच्या हातांत हवेच असतील का, हा प्रश्न दहा टक्क्यांच्या आतल्या दहा टक्क्यांचा आहे. पहिलं पान पुन्हा वाचलं.

२७ जुलै

आज पहिल्यांदा टेबलावर. समोर रामबागेतल्या मावशी आणि त्यांचे धाकटे दीर. मावशींना मी आधीच सगळं सांगितलं होतं, लेखी दिलं होतं. त्यांनी चहा ठेवता ठेवता ते वाचलं आणि एकच वाक्य बोलल्या, "म्हणजे तुम्ही १ किलवर म्हटलं की तुमच्या सूटचं अजून नावही घेतलेलं नसतं."

आणि त्यांनी संध्याकाळभर तेच वापरलं. माझा हात होता:

इस्पिक ४
बदाम एक्का राजा राणी ७ ५
चौकट एक्का राणी १० ३
किलवर राजा गुलाम ६

एकोणीस पॉइंट. मी १ किलवर. मावशी, थेट ३ इस्पिक. काकांकडे:

इस्पिक ९ ६ ३
बदाम गुलाम ८ ६
चौकट राजा ९ ५
किलवर एक्का ८ ७ ३

जुन्या पद्धतीत मी १ बदाम म्हटलं असतं, मावशींनी ३ इस्पिक लावले असते, आणि काकांनी तीन पानी मदत बघून विचार न करता ४ बदाम म्हटलं असतं. इथे त्यांना माझ्या बदामाचा पत्ताच नाही. आठ पॉइंट आहेत एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी डबल (इथे अर्थ: आठ पॉइंट आहेत) म्हटलं, मी ४ बदाम काढले, जमले. पण त्यांच्याकडे सहा पॉइंट असते तर त्यांचा पास आला असता, आणि सगळा निर्णय एकट्या माझ्यावर चारच्या पातळीवर पडला असता.

स्ट्राँग क्लबची किंमत ती हीच. बलवान हात आहे हे जाहीर होतं, पण कुठला सूट ते नाही, आणि समोरच्यांना गमावण्यासारखं फार नसतं. त्यांना ठाऊक असतं की गेम बहुधा आपलाच आहे. मग त्यांनी दुबळ्या हातावर जागा का खाऊ नये? खास स्ट्राँग क्लबविरुद्ध वापरायच्या पद्धती याच विचारावर उभ्या आहेत. साधी मेथ: डबल म्हणजे दोन्ही मेजर, १ नो ट्रंप म्हणजे दोन्ही मायनर. क्रॅश त्याहून त्रासदायक: दोन सूट एका रंगाचे, एका दर्जाचे, की एका आकाराचे.

सहा जुलैचं माझं लाडकं पान समोरच्यांनी गप्प बसावं या अटीवर उभं आहे, हे आज लख्ख दिसलं. मावशी गप्प बसणार नाहीत, आणि त्यांनी बसूही नये.

३ ऑगस्ट

मध्ये बोली आली तर काय, हे पान आज पूर्ण केलं. आता मी याला वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान मानते. वर आकाराने लिहिलं आहे, काकांना लांबून वाचता यावं म्हणून.

डबल आला तर काही बिघडलेलं नाही, उलट एक जागा वाढली. पास शून्य ते चार, १ चौकट पाच ते सात, बाकी सगळं जसंच्या तसं.

एकच्या पातळीवर सूट आला तर: डबल पाच ते सात, कुठलाही आकार. पास शून्य ते चार, किंवा त्यांच्याच सूटमध्ये लांब पानं घेऊन दबा धरलेला हात. स्वतःचा पाच पानी सूट म्हणजे आठ किंवा जास्त, गेम सक्तीचा. १ नो ट्रंप म्हणजे आठ किंवा जास्त आणि त्यांचा सूट अडवलेला. अडवलेला नाही, पाच पानी सूटही नाही, पण आठ आहेत, तर त्यांचाच सूट आपण बोलायचा.

दोनच्या पातळीवर डबल सहा किंवा जास्त, उरलेले सूट दाखवणारा. तीनच्या पातळीवर डबल म्हणजे आठ, बस.

इथे रिले नाही, ट्रान्सफर (एका सूटची बोली लावून दुसरा सूट सांगणं) नाही. सगळं नैसर्गिक. जागा त्यांनी घेतल्यावर आपण शहाणपणा करू नये. भिडूला पहिल्या संधीला पॉइंटचा पट्टा कळला पाहिजे, तो कळला की उरलेलं खेळाडूच्या अकलेने होतं. पाच ते सात आणि शून्य ते चार हे वेगळे काढणं इथे फार मोलाचं आहे. शांत बोलीत आपण ते दोन्ही १ चौकटमध्ये एकत्र ठेवतो, कारण पुढे वेगळे करायला वेळ असतो. गर्दीत तो नसतो.

१० ऑगस्ट

१ चौकट. पंधरा जूनला जे दिसत होतं ते आज समोर मांडलं.

मेजर पाच पानी, १ नो ट्रंप १४ ते १६, १ किलवर बलवान. मग उरलेलं सगळं कुठे जाणार? ११ ते १३ चे समतोल हात, चौकटचे खरे हात, आणि किलवरचे असे हात ज्यांना २ किलवर म्हणावंसं वाटत नाही. जुन्या प्रिसिजनमध्ये २ किलवर म्हणजे सहा किलवर, किंवा पाच किलवर आणि चार पानी मेजर. तो दुसरा प्रकार मला खुपतो. पाच पानी सूट घेऊन दोनच्या पातळीवर जायचं आणि मेजर हरवायचा.

निर्णय: २ किलवर म्हणजे सहा किलवर, अपवाद नाही. १ चौकट म्हणजे किमान दोन चौकट. आणि २ चौकट म्हणजे चौकटमध्ये एक किंवा शून्य: ४-४-१-४, ४-४-०-५, ४-३-१-५, ३-४-१-५, सूट इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने.

या २ चौकटची वारंवारता काढली तेव्हा काका दचकले. हे आकार सगळे मिळून १.९ टक्के, त्यातले अकरा ते पंधराचे साधारण एक तृतीयांश, म्हणजे ०.६६ टक्के. शंभर हातांत एकदाही नाही! एवढ्यासाठी चौकटचा वीक टू (दुबळा हात, लांब सूट सांगणारी दोनची ओपनिंग) सोडायचा?

सोडायचा. कारण ही बोली नसेल तर हे हात १ चौकटमध्ये येतात, आणि मग १ चौकटमध्ये एकच चौकट असू शकतो, शून्यही असू शकतो. दर वेळी भिडूच्या मनात ती शंका राहील. शंभरातला एक हात उरलेल्यांना संशयित करून टाकतो. २ चौकट ही स्वतःच्या कमाईसाठी ठेवलेली बोली नाही, १ चौकट स्वच्छ राहावी म्हणून आहे. हे पटल्यावर काकांनी एकेक आकार घेऊन तपासला: चौकट एक, किलवर पाच, मेजर चार-तीन? २ चौकट. किलवर सहा? २ किलवर. किलवर पाच, चौकट दोन, इस्पिक चार? १ चौकट. भोक उरलं नाही.

तरीही १ चौकट ही या पद्धतीतली सगळ्यात कमकुवत बोली आहे आणि राहील. समोरच्याने मध्ये १ इस्पिक लावलं की भिडूला चौकटचा भरवसा नसतो. स्ट्राँग क्लबची पावती इथेही फाडली जाते, फक्त १ किलवरवर नाही.

२४ ऑगस्ट

ज्यासाठी सुरुवात केली ते आज टेबलावर दिसलं.

मी १ इस्पिक. काकांकडे इस्पिक राणी ९ ६ ४ २, बदाम ५, चौकट राजा १० ८ ४, किलवर ७ ३ २. पाच पॉइंट. त्यांनी सरळ ४ इस्पिक म्हटलं. काही डावांनंतर मी पुन्हा १ इस्पिक, आणि काकांकडे तेरा पॉइंटचा सपाट हात, चार इस्पिक. पुन्हा थेट ४ इस्पिक. माझ्याकडे पंधरापेक्षा जास्त नाहीत हे त्यांना ठाऊक, स्लॅम नाही, मग वाटेत थांबून समोरच्यांना माहिती कशाला द्यायची?

मावशींच्या दिरांकडे दोन्ही वेळा बऱ्यापैकी हात होता. दोन्ही वेळा तीच बोली, एकदा आमच्याकडे थोडंच होतं, एकदा भरपूर. डबल करावं, पाचवर जावं, की गप्प बसावं, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. जुन्या पद्धतीत काका तेरा पॉइंटवर असं थेट उडी मारू शकलेच नसते. माझ्याकडे वीस असण्याची भीती.

आणखी एक, कमी नजरेत येणारं: काकांनी आठ पॉइंट आणि एकच इस्पिक असताना माझ्या १ इस्पिकवर पास केला. तिथेच थांबलो, जेवढे दस्त होते तेवढे झाले. पूर्वी ते १ नो ट्रंप म्हणाले असते आणि मी पुढे गेले असते.

आज १ किलवर एकदाही आला नाही. संध्याकाळ तरी चांगली गेली.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. रात्रभर मिलच्या झांक्या, रस्ते बंद, बसलो ते काकांकडेच. दोघांनाही झोप नव्हती, म्हणून कन्व्हेन्शन कार्ड (आपली पद्धत समोरच्यांना सांगणारं) भरलं.

जागतिक ब्रिज संघटनेच्या वर्गवारीत नैसर्गिक पद्धती हिरव्या, आणि १ किलवर कायम बलवान असणाऱ्या निळ्या. आमची निळी. यात लपवण्यासारखं काही नसतं आणि लपवायचंही नाही. १ किलवरला अलर्ट (बोलीचा अर्थ वेगळा आहे अशी समोरच्यांना सूचना), त्यानंतरच्या उत्तरांना अलर्ट, १ चौकटला "दोन पानंही असू शकतात" हे न विचारता सांगायचं. मावशींनी सत्तावीस जुलैला जे केलं ते आम्ही सगळं आधी सांगितलं म्हणून करता आलं, आणि त्यातूनच तीन ऑगस्टचं पान निघालं. समोरच्यांना पद्धत पूर्ण कळलेली असतानाही ती टिकली, तरच ती पद्धत.

कार्डच्या मागच्या बाजूला काकांनी पेन्सिलीने लिहिलं: "नकार: शांत बोलीत ० ते ७. गर्दीत ० ते ४." त्यांना विसरण्याची भीती फक्त तेवढ्याची आहे.

आपल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धेत होळकरांच्या नावाची ट्रॉफी आहे. इंदुरातून एक जोडी तिथे या पद्धतीवर बसावी, असं काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जोड्यांचं सुवर्ण जिंकलं तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. काका त्याहून थोडेच मोठे आहेत.

२१ सप्टेंबर

आवृत्ती गोठवली. दिवाळीपर्यंत एकही नवी बोली नाही, फक्त दुरुस्तीची यादी वाढवत जायची. आत्ता यादीत दोन गोष्टी.

पहिली: भिडूने आधी पास केलेला असताना, तिसऱ्या खुर्चीत १ चौकट दहा पॉइंटवर उघडायची का. काका हो म्हणतात. मला वाटतं उतारीला हवा असलेला सूट असेल तरच.

दुसरी: १ किलवर, मध्ये २ इस्पिक, भिडूचा डबल, पुढच्याचा ३ इस्पिक. आता उघडणाऱ्याचा पास सक्तीचा, म्हणजे भिडूने पुन्हा बोललंच पाहिजे असा, की मोकळा? सहा पॉइंटवर डबल करायला परवानगी दिली आहे, तर माझ्या मते मोकळा. मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सांगते," आणि पत्ते पिसायला घेतले.